पौर्णिमेची आमटी

मी स्वभावाने सुधारक माणूस आहे. हे मला स्वतःलाच सांगावं लागतं, कारण दुसऱ्या कोणी ते अजून सांगितलेलं नाही. सुगंधाने, म्हणजे माझ्या बायकोने, घरातून डबे द्यायला सुरुवात केली तेव्हा मी एका शब्दाने अडवलं नाही. उलट ऑफिसात चौघांना सांगितलं, की मिसेसला मी डब्यांचं काम काढून दिलंय. काढून दिलं म्हणजे नेमकं काय केलं, हे त्या चौघांनी विचारलं नाही. चौघेही पुरुषच होते, त्यांना ते न विचारता कळलं.

पण डब्यांचा विषय नंतर. सुरुवात आमटीपासून झाली आणि ती माझ्या जिभेने केली.

दोन हजार सहा सालची गोष्ट. दसरा नुकताच झाला होता. भाईंदर पूर्वेला नवघरच्या बाजूला आमची चार मजली सोसायटी, मागे मिठागरं आणि त्यांच्या मागे खाडी. त्या संध्याकाळी मी जेवायला बसलो, आमटीचा पहिला भुरका मारला आणि म्हणालो, "आज मीठ जास्त झालंय."

हे वाक्य म्हणजे काही भांडण नव्हे. पुरुषाने ताटावर बसल्यावर काहीतरी बोलायचं असतं, आणि बोलण्यासारखं दुसरं काही सुचलं नाही की मीठ असतंच. माझे वडील गावी चाळीस वर्षं हेच म्हणत जेवले. आईने कधी मान वर केली नाही. सुगंधाने मात्र केली.

"मलाही खारट लागतेय," ती म्हणाली. "मीठ रोजचंच घातलंय. पाण्यात काहीतरी आहे."

मी तांब्यातलं पाणी पिऊन दाखवलं. "पाणी तर गोड आहे."

"ते खालच्या नळाचं. आमटी टाकीच्या पाण्यातली आहे."

इथे आमची पाण्याची व्यवस्था सांगायला हवी. गेटजवळ एक नळ होता, त्याला पहाटे पाच ते साडेपाच थेट पाणी यायचं. इमारतीतल्या बायका ते कळश्यांनी वर आणत. ते प्यायला आणि चहाला. बाकी सगळं, म्हणजे स्वयंपाक, धुणी, भांडी, आंघोळी, हे जमिनीखालच्या टाकीतल्या पाण्यावर चालायचं; ते मोटरने गच्चीवर चढायचं आणि नळांनी घरात उतरायचं. थोडक्यात, इमारतीतल्या पुरुषांचा टाकीच्या पाण्याशी तोंडाचा संबंध फक्त दात घासताना यायचा, आणि तेव्हा तोंडात पेस्ट असायची.

"भातात तर मी मीठ घालतच नाही," सुगंधा म्हणाली. "भात खाऊन बघा."

मी भात खाल्ला. भात खारट होता. "सवयीने घातलं असशील," मी म्हणालो.

अठरा वर्षं जिने भातात मीठ घातलं नाही तिने ते सवयीने घातलं, या वाक्यात काही गडबड आहे हे मला तेव्हा जाणवलं नाही. आमची तेरा वर्षांची मुलगी संचिता ताटातून वर बघत होती. तिला बहुतेक जाणवलं असावं.

दुसऱ्या दिवशी खाली सिमेंटच्या बाकावर मी हा विषय काढला. बाकावर आम्ही तिघे कायम: मी, सोसायटीचे चेअरमन धाकूभाऊ मोरे आणि समोरच्या दाराचे वसनजीभाई. धाकूभाऊ गोदीतून रिटायर झालेले, त्यांना सोसायटीशिवाय उद्योग नव्हता आणि सोसायटीला त्यांच्याशिवाय चेअरमन नव्हता. मी आमटीचं सांगताच दोघांचे चेहरे उजळले. धाकूभाऊंकडे कालवण खारट होतं. वसनजीभाईंकडे दाळ खारट होती.

"पाष्टेभाई, लेडीज लोग का ध्यान पूरा सिरियल में," वसनजीभाई म्हणाले. "हंसा बोलती है साबुन में झाग भी नहीं आता. मैं बोला, तू सस्ता साबुन लाई होगी."

तीन घरांत तीन बायकांच्या हातून एकाच दिवशी मीठ जास्त पडतं. यावरून आम्ही तिघा सुशिक्षित पुरुषांनी जो निष्कर्ष काढला तो असा, की तिघी एकच सिरियल बघतात. तो आम्हाला इतका पटला की विषय तिथेच संपला आणि आम्ही क्रिकेटकडे वळलो.

मी मात्र नुसती तक्रार करून थांबणारा नव्हे. रविवारी स्टेशनजवळच्या बाजारात जाऊन मी प्लास्टिकचे निळे मापाचे चमचे आणले, एका कार्डावर सुवाच्य अक्षरांत 'आमटी: मोठा एक. भाजी: लहान दोन' असं लिहिलं आणि ते ओट्यावरच्या टाइल्सना चिकटवलं. सुगंधाने कार्ड वाचलं. मग तिने बाहेरच्या खोलीतलं कॅलेंडर काढलं आणि कार्डाच्या शेजारी खिळ्याला टांगलं. त्यावर ती रोज एक अक्षर लिहायला लागली. खारट दिवसाला 'खा', नसेल त्या दिवशी 'ग', म्हणजे गोडं पाणी. मला वाटलं, चमच्यांचा परिणाम होतोय.

आता डबे. जितेशभाई म्हणून एकांचा जवळच स्टीलच्या भांड्यांचा कारखाना होता. त्यांच्याकडे सुगंधाचे अठरा डबे जात. पहाटे साडेचारला उठून ती ते भरायची. दोन वर्षांत एकही खाडा नाही, पाहुणे आले तरी नाही, स्वतःला ताप असला तरी नाही. दिवाळीनंतर जितेशभाईंनी तिला सांगितलं होतं, की एक जानेवारीपासून कारखान्याचं कॅंटीनच तुम्ही चालवा. साठ माणसं, वेगळा ओटा, हाताखाली दोन बाया. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते स्वतः रोज तिचा डबा खाऊन बघणार आणि मग पक्कं करणार होते. सुगंधाने ही बातमी सांगितली तेव्हा तिच्या तोंडावर जे होतं ते मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. तिने त्यांच्याच कारखान्यातून एक मोठं पातेलं आणलं होतं आणि ते घरात मावत नसल्याने दिवाणाखाली ठेवलं होतं. मी त्यावर 'एवढं झेपेल का तुला?' इतकंच म्हणालो होतो. काळजीने म्हणालो होतो.

खारट दिवशी सुगंधा मीठ कमी घालू लागली. मग चार दिवसांनी पाणी आपोआप सुधारे आणि तेच जेवण अळणी होई. ती पुन्हा मीठ वाढवी, तोवर पुन्हा खारं पाणी. धाकूभाऊंनी याचाही छडा लावला. बाकावर बसून, आवाज खाली घेऊन ते म्हणाले, "माझं निरीक्षण आहे बघा पाष्टे. हे महिन्यातून दोनदा होतं. पौर्णिमा आली की एकदा आणि अमावास्या आली की एकदा. बायकांचं डोकं त्या सुमाराला ठिकाणावर नसतं. निसर्ग आहे तो, आपण समजून घ्यायचं."

आम्ही समजून घेतलं. खाडीपासून हाकेच्या अंतरावर बसलेल्या तीन माणसांना पौर्णिमा आणि अमावास्या सापडली होती, आणि ती त्यांनी बायकांच्या डोक्याला लावली. ते अंतर आजही माझ्या डोक्यातून जात नाही.

ते पार केलं गोदूबाईने. गोदूबाई तारोडी गावची मासेवाली, टोपली घेऊन बुधवारी आणि रविवारी आमच्या जिन्यात बसायची. सुगंधाने तिच्याकडून बोंबील घेताना सहज विचारलं, की आज टाकीचं पाणी खारं का झालंय. गोदूबाईने विचारसुद्धा केला नाही.

"अमाश्या हाय उद्या, बाय. उधान येनार. खारीचं पानी भुईच्या आतून वर चढतं. तुमची टाकी भुईत हाय ना? मंग तिला भेग पडली हाय. माझ्या भावाची हीर अशीच बाटली. यात काय शिकायचं न्हाय."

सुगंधाने कॅलेंडर आणून ताडून बघितलं. सगळे 'खा' पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे होते. संध्याकाळी तिने ते माझ्यासमोर धरलं. मी चष्मा लावला, कॅलेंडर नीट पाहिलं आणि म्हणालो, "म्हणजे मासेवालीच्या सांगण्यावरून सोसायटीने टाकी उपसायची?"

ती माझ्याशी वाद घालत बसली नाही. थेट धाकूभाऊंकडे गेली. धाकूभाऊंनी तिला मानाने खुर्ची दिली आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही कशाला त्रास घेता? मिस्टरांना पाठवा, आम्ही बसून बोलू." ती म्हणाली, मीच सांगते ना. तेव्हा धाकूभाऊंनी नियम काढला. टाकी उपसायची तर अर्ज लागतो, अर्ज सभासदाचा लागतो आणि सभासद म्हणजे ज्याच्या नावावर फ्लॅट. फ्लॅट माझ्या नावावर होता.

तिने अर्ज लिहिला आणि सहीसाठी मला दिला. आता मी ऑफिसात आवक-जावक विभागात आहे. वीस वर्षं लोकांचे अर्ज हाताळतोय. अर्जाची भाषा मला बघवेना. तिने सरळ लिहिलं होतं, 'टाकीला भेग आहे, खाडीचं पाणी आत येतंय, उघडून बघा.' अर्ज असा नसतो. मी त्यात 'सविनय' घातलं, 'आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते' घातलं, 'असे सौभाग्यवतींचे म्हणणे आहे' हेही घातलं, आणि स्वच्छ प्रत करण्यासाठी तो ऑफिसच्या बॅगेत टाकला. तिथे तो राहिला. ती तीन वेळा म्हणाली, "दिला का?" आणि मी तीन वेळा म्हणालो, "प्रोसेसमध्ये आहे."

मधे एकदा जिन्यात धाकूभाऊ भेटले. "काय हो पाष्टे, वहिनी टाकीचं काय म्हणत होत्या? काही आहे का त्यात?"

मी हसलो. मला आठवतंय मी कसा हसलो ते. "अहो, नाचता येईना अंगण वाकडं. आमटी बिघडली की टाकी फुटली. मनावर घेऊ नका."

त्यांनी मनावर घेतलं नाही.

डिसेंबरचा पहिला आठवडा आला. सुगंधाने कॅलेंडर पाहून सांगितलं, की मंगळवारी पौर्णिमा आहे, म्हणजे सोमवार ते बुधवार पाणी खारं असणार आणि नेमके तेच दिवस जितेशभाई जेवणार. "तीन दिवस डब्यांचा सगळा स्वयंपाक खालच्या नळाच्या पाण्याने करते. मला एकटीला तेवढं वर आणता येणार नाही. तुम्ही रोज चार कळश्या आणून द्याल? तीनच दिवस."

मी काय बोललो ते लिहून ठेवतो, म्हणजे मला विसरता येणार नाही. मी म्हणालो, "पहाटे सगळ्या बायका असतात तिथे. मी तिसऱ्या मजल्यापर्यंत कळश्या वाहताना कसा दिसेन? लोक काय म्हणतील? त्यापेक्षा तू ते चमचे नीट वापर."

तिने सोमवारी आणि मंगळवारी एकटीने पाणी वाहिलं. मी अंथरुणात पडून कळशी जिन्याच्या कठड्याला आपटल्याचा आवाज ऐकत होतो. दोन दिवस जितेशभाईंचा डबा चाटूनपुसून रिकामा परत आला. बुधवारी खालचा नळ दहा मिनिटांत गेला. तिच्या दोन कळश्या भरल्या होत्या. तेवढ्यात तिला जे करता आलं ते तिने केलं आणि बाकीचं टाकीच्या पाण्यात, मीठ न घालता. त्या दिवशी जितेशभाईंकडे राजकोटचे व्यापारी जेवायला होते.

दुपारी त्यांचा फोन आला. डबे सुगंधाचे, पण फोन माझ्या मोबाइलवर. इतक्या दिवसांत ते हिशोबाचं, भाजीचं, सुट्टीचं सगळं माझ्याशीच बोलत आले होते आणि मी ते घरी पोचवत होतो. "पाष्टेभाई, ये क्या है? दो दिन फर्स्ट क्लास, आज समुंदर. पाहुण्यांसमोर माझी इज्जत पार गेली. काय प्रॉब्लेम आहे?"

मी म्हणू शकलो असतो, की पाण्याचा प्रॉब्लेम आहे. पण ते सुगंधाचं मत होतं, आणि पुरुषापुरुषांच्या बोलण्यात बायकोचं मत सांगणं मला हलकं वाटलं. शिवाय मला कॅंटीन वाचवायचं होतं. मी समजुतीच्या सुरात म्हणालो, "जितेशभाई, लेडीज आहे, कधीकधी लक्ष नसतं. तुम्हाला तर माहितीये. मी समजावतो तिला."

पलीकडून "हां हां, समजलो" असं आलं. मला वाटलं, छान मिटवलं. शनिवारी निरोप आला, की कॅंटीनचं दुसरीकडे ठरवलंय, आणि एक तारखेपासून डबेही नकोत.

सुगंधा रडली वगैरे नाही. तिने अठरा डबे चिंचेने घासले, पुसले आणि माळ्यावर चढवले. मोठं पातेलं न्हाणीत गेलं. त्यात ती टाकीचं पाणी साठवायला लागली.

अमावास्येच्या आठवड्यात तिच्या भावाकडे संगमेश्वरला बारसं निघालं. ती संचिताला घेऊन तीन दिवस गेली. जाताना म्हणाली, "खानावळीत जेवा." पण मी सुधारक. मी स्वयंपाक करायचं ठरवलं, तेही मापाने. वही घेतली, वेळ लिहिली, तांदूळ वाटीने मोजले, टाकीचं पाणी मोजून घातलं. मीठ घातलं नाही, कारण भातात आमच्याकडे घालत नाहीत. वर दही घेऊन पहिला घास तोंडात घातला.

भात खारट होता.

मी प्रथम मिठाची बरणी बघितली. झाकण लागलेलं होतं. मग दार बघितलं. कडी आतून होती. घरात दुसरं कोणी नव्हतं आणि मी सिरियल बघत नाही. मी नळाखाली ओंजळ धरली आणि लग्नानंतर अठरा वर्षांनी पहिल्यांदा पेस्टशिवाय टाकीचं पाणी तोंडात घेतलं. मग मान वर केली. समोर माझं कार्ड होतं आणि त्याच्या शेजारी तिचं कॅलेंडर. त्या दिवसाच्या चौकटीत जाण्याआधीच तिने पेन्सिलीने 'खा' लिहून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी गच्चीवर सोसायटीची सभा होती. सुगंधा रात्री येणार होती. मी कॅलेंडर गुंडाळून वर घेऊन गेलो. देवाशपथ सांगतो, जिना चढताना मी 'आमच्या मिसेसचं म्हणणं आहे' अशीच सुरुवात ठरवली होती. पण वर पोचलो, वीसेक पुरुष खुर्च्यांवर, काही बायका मागे पाण्याच्या टाकीपाशी उभ्या, आणि धाकूभाऊ म्हणाले, "बोला पाष्टे." आणि माझ्या तोंडून निघालं, "मी काही दिवस निरीक्षण करतोय."

मग थांबता आलं नाही. मी कॅलेंडर उलगडलं. पौर्णिमा दाखवली, अमावास्या दाखवली, उधाण समजावलं, भाताचा प्रयोग सांगितला. लोक पुढे वाकून ऐकत होते. कोणी हसलं नाही. कोणी सभासद कोण म्हणून विचारलं नाही. कोणी अर्ज मागितला नाही. मागून हंसाबेन म्हणाल्या, "ये तो मैं और सुगंधाबेन कब से बोलते हैं," तेव्हा वसनजीभाईंनी मागे न बघताच सांगितलं, "तू रुक, पाष्टेभाई को बोलने दे." आणि मी बोललो.

त्याच दुपारी टाकी उपसली. खाडीकडच्या भिंतीला हातभर लांब भेग होती आणि तिच्यातून काळं पाणी झिरपत होतं. गोदूबाईने न पाहता सांगितलं होतं तसंच. पाच दिवसांत दुरुस्ती झाली, पाणी गोडं झालं, हंसाबेनच्या साबणाला फेस आला. माझ्या हातातलं कॅलेंडर धाकूभाऊंनी त्या रविवारीच झेरॉक्स करून नोटीस बोर्डावर लावलं. खाली टाइप केलं होतं: 'श्री. धर्माजी पाष्टे यांचा तक्ता व भाताचा प्रयोग'.

त्याच रात्री सुगंधा बॅगा घेऊन आली तेव्हा ती त्या बोर्डासमोर थांबली होती, असं संचिताने मला नंतर सांगितलं. वर आल्यावर तिने फक्त विचारलं, "जेवलात का?" मी म्हणालो, "भात केला होता." ती म्हणाली, "वाचलं मी."

सव्वीस जानेवारीला सोसायटीची सत्यनारायणाची पूजा. प्रसादाचा शिरा दरवर्षीप्रमाणे सुगंधाने केला, त्या मोठ्या पातेल्यात. पूजा झाल्यावर धाकूभाऊ माइकवर आले. म्हणाले, पाष्टेसाहेबांनी घरात बाईमाणूस नसताना स्वतः स्वयंपाकघरात उतरून शोध लावला, असा गृहस्थ मिळायला भाग्य लागतं. मग मला शाल आणि श्रीफळ. मी उठलो. उठताना मला वाटत होतं, की आता माइक मागावा. दोनच वाक्यं लागली असती. धाकूभाऊंनी शाल माझ्या खांद्यावर टाकली, लोकांनी टाळ्या वाजवल्या आणि मी हात जोडले. वर धाकूभाऊंना राहवलं नाही. "आणि वहिनी, आता टाकी बरी झाली बरं का. आमटीला सबब उरली नाही." सगळे खळखळून हसले. मीही हसलो, त्याच जिन्यातल्या हसण्यासारखा. सुगंधा द्रोणात शिरा भरत होती. तिने पुढचा द्रोण घेतला.

घरी आल्यावर संचिता म्हणाली, "बाबा, बोर्डावरच्या तक्त्यावर अक्षर आईचं आहे ना?"

"हो."

"मग तुम्ही सांगितलं का नाही?"

"तशी वेळ नव्हती," मी म्हणालो. तेरा वर्षांच्या मुलीने माझ्याकडे जसं बघितलं तसं बघणं माझ्या वाट्याला पुन्हा येऊ नये. मला लाज वाटली. शाल मी कपाटात अगदी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून जितेशभाईंकडे गेलो. सगळं सांगितलं, यावेळी खरं खरं सांगितलं. भेग, उधाण, कॅलेंडर तिचं, कळश्या तिने वाहिल्या, मी आणल्या नाहीत. जितेशभाईंनी चहा मागवला आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"पाष्टेभाई, तुमी चांगले माणूस आहात. घरच्या लेडीजला सांभाळून घेता. मला आवडलं," ते म्हणाले. "पण कॅंटीनचं आता दुसऱ्याला दिलं. और बुरा मत मानना, खाना तो होता है ऊपर-नीचे, त्याचं मला काय नाय. पर आपने खुद बोला था ना, भाभीचं लक्ष नसतं. घरवालाच बोलला, तर साठ माणसांचं मी कसं देणार?"

चहा चांगला होता. मी तो पूर्ण प्यालो.

त्यानंतर मी एक ठरवलं. आता रोज पहाटे पाचला मी खालच्या नळावर जातो आणि चार कळश्या वर आणतो. टाकीचं पाणी गोडं झाल्यावर चार कळश्यांची गरज राहिलेली नाही, पण आणतो. पहिल्या दिवशी नळावरच्या बायकांनी विचारलं, "भाऊ, सुगंधावहिनी आजारी आहेत का?" मी नाही म्हणालो. तेव्हा त्या एकमेकींकडे बघून म्हणाल्या, "नशीब काढलंन हो सुगंधाने." वसनजीभाई मला खाली भेटले की आता हंसाबेनना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "पाष्टेभाई जैसा आदमी नहीं मिलेगा." अठरा डबे दोन वर्षं चालवून सुगंधाला इमारतीत जे मिळालं नाही, ते मला चार कळश्यांत मिळालं. मी सगळ्यांना सांगायचा प्रयत्न करतो, की तसं नाही. त्यावर लोक म्हणतात, किती नम्र आहेत बघा.

घरात भांडण नाही. सुगंधा माझ्याशी नीट बोलते, वेळेवर वाढते. फक्त आमटीत मीठ नसतं. भाजीत नसतं. संचिताची आणि स्वतःची वाटी ती आधी बाजूला काढते आणि त्यात मीठ घालते, चमच्याशिवाय, चिमटीने. माझी तशीच येते. ताटाच्या उजव्या अंगाला मिठाची बरणी आणि तिच्यात तो निळा मापाचा चमचा.

पहिल्या दिवशी मी विचारलं होतं, "किती घालू?"

"तुम्हाला कळतं," ती म्हणाली. टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर बरं झालं असतं.

तेव्हापासून रोज घालतो. कधी कमी पडतं, कधी जास्त होतं, अजून एकदाही बरोबर जमलेलं नाही. काल जास्तच पडलं. सुगंधा भाकरी वाढायला आली आणि तिने विचारलं, "ठीक आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हणालो, आणि तांब्या जवळ ओढून पाणी प्यालो.